अपडेट चालू असताना लाईट गेली, मशीन इनिटरामएफएसवर अडकलंय. फॉरमॅट न करता वाचेल का?

पत्रिका_पूर्वभाग, अशोक चौक, सोलापूर

नमस्कार मंडळी. अशोक चौकाजवळ माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, टॉवेलच्या पाकिटातली लेबलं, गड्ड्याच्या यात्रेत स्टॉलवाल्यांचे बोर्ड अशी कामं करते. आमच्या पूर्व भागात पत्रिका बऱ्याचदा दोन भाषांत लागते, मराठी आणि तेलुगू. अक्कलकोटकडचे पाहुणे असले की कन्नडही आलीच. पूर्वी प्रत्येक भाषेचा फॉन्ट वेगळा, कीबोर्ड वेगळा. दुसऱ्या मशीनवर फाइल उघडली की नुसते चौकोन दिसायचे. लिनक्स मिंट ही सिस्टीम टाकल्यापासून युनिकोडवर इंकस्केप या चित्र-मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये तिन्ही लिप्या एकाच पानावर नीट बसतात. त्यामुळे मला लिनक्स सोडायचं नाही, हे आधीच सांगते.

आता अडचण. काल दुपारी अपडेट मॅनेजर लावलं. अपडेट मोठं होतं, यादीत कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि लिब्रेऑफिस दोन्ही होते. निम्म्यात लाईट गेली. यूपीएसनं दोनदा शिट्टी मारली आणि तोही गेला. लाईट आल्यावर मशीन चालू केलं तर मिंटचा लोगो येतच नाही, काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत मजकूर येतो. फोटो चढत नाहीये, म्हणून वाचून लिहिते:

"/डेव्ह/एसडीए२: अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली"
"द रूट फाइलसिस्टीम ऑन /डेव्ह/एसडीए२ रिक्वायर्स अ मॅन्युअल एफएससीके"

त्याखाली बिझीबॉक्स असं काहीतरी, आणि शेवटी कंसात इनिटरामएफएस लिहून कर्सर लुकलुकतोय. माउस चालत नाही. बंद करून चालू केलं की परत तेच.

मशीन: इंटेल आय३ तिसरी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क, लिनक्स मिंट २२.१ एक्सएफसीई. मशीन जुनं घेतलेलं आहे, पण आजवर कुरकुर नव्हती.

खरी काळजी एका पत्रिकेची आहे. दोन्ही घरच्यांनी प्रूफ पास केलंय, शुक्रवारी छपाईला द्यायचीय. पेनड्राइव्हवर तिची आधीची प्रत आहे. पण त्यानंतर मुलीच्या बाजूनं निमंत्रकांच्या नावांचा क्रम बदलून घेतला होता. थोरल्या काकांचं नाव धाकट्यांच्या खाली गेलं होतं. ते तेलुगूतही बदललं, मराठीतही बदललं, आणि सोबत खालच्या आहेर-सूचनेची ओळ काढली. ही दुरुस्त प्रत फक्त या मशीनमध्ये आहे. चुकीच्या क्रमाची पत्रिका छापली तर लग्नघरात काय होतं हे तुम्हाला सांगायला नको.

एका दुरुस्तीवाल्याला फोन केला तर म्हणाला, आणून द्या, फॉरमॅट मारून देतो. नेलं नाही. टर्मिनल मी थोडंफार वापरते. काय टाइप करायचं आणि कशासाठी ते सांगा, मी करेन.

कीबोर्ड_४४, पुणे

अपडेटमध्ये लाईट गेली म्हणजे सिस्टीम गेली असं धरून चला. डेटा कुणाकडून काढून घ्या, फॉरमॅट मारा आणि विंडोज ११ टाका. धंद्याच्या मशीनवर लिनक्सचा त्रास नको.

लॅबवाले_जुळेसोलापूर

ताई, फॉरमॅट करू नका आणि मशीन कुणाकडे देऊ नका. मी जुळे सोलापुरात एका अभ्यासिकेची आणि एका कॉलेजच्या लॅबची मशीनं बघतो, बहुतेक सगळी तुमच्या मशीनच्याच वयाच्या आय३ वर आहेत. हा प्रकार आपल्याकडे लई बघितलाय.

वरच्या दादांना एवढंच सांगतो की तिसऱ्या पिढीच्या आय३ वर विंडोज ११ नियमानं बसत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलची निदान आठवी पिढी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे या मशीनला तो सल्ला लागू पडत नाही.

तुम्ही स्क्रीनवरच्या ओळी जशाच्या तशा उतरवून दिल्या, म्हणून इथं बसून सांगता येतंय. बघा, कर्नल उठलं, त्याला डिस्क दिसली, डिस्कवरचं पार्टिशनही सापडलं. मग त्यानं फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर कुठली फाइल कुठं आहे याची मांडणी, तपासली. काही नोंदी एकमेकींशी जुळेनात, आणि माणसाला विचारल्याशिवाय त्या दुरुस्त करायच्या नाहीत म्हणून ते थांबलं. डिस्क पूर्ण मेली असती तर /डेव्ह/एसडीए२ हे नाव स्क्रीनवर आलंच नसतं.

अजून एक चांगली गोष्ट. मशीन इनिटरामएफएसपर्यंत, म्हणजे चालू होताना आधी येणाऱ्या छोट्या तात्पुरत्या सिस्टीमपर्यंत, पोचतंय याचा अर्थ बहुतेक जुनंच कर्नल उठतंय. नव्याची नोंद ग्रबच्या (चालू होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत व्हायच्या आधीच लाईट गेली असणार. ही गोष्ट पुढं कामाला येईल, लक्षात ठेवा.

पत्रिकेबद्दल. मिंट ईएक्सटी४ नावाची फाइलसिस्टीम वापरतं, त्यात जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, असतं. रचनेत काय बदल करणार ते आधी तिथं लिहिलं जातं, म्हणून लाईट गेली तरी एरवी पुढच्या वेळी चालू होताना ते आपोआप सावरतं. पण नेहमीच्या सेटिंगमध्ये जर्नल फक्त रचना सांभाळतं. फाइलीतला मजकूर त्यात जात नाही. त्यामुळे त्या क्षणी ज्या फाइली लिहिल्या जात होत्या त्या रिकाम्या किंवा अर्धवट राहू शकतात, आणि त्या होत्या अपडेटच्या. तुमची पत्रिका त्या वेळी कुणी लिहीत नव्हतं. ती जागेवर असणार असं मला वाटतं. तरीपण आधी प्रत, मग दुरुस्ती. एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम, विसंगती काढताना काही नोंदी टाकूनही देतं, म्हणून हा क्रम मोडायचा नाही.

मी मोबाइलवर मराठी कीबोर्डवरून लिहितोय. टाइप करताना सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत करा.

ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलं होतं तो लावून त्यावरून मशीन चालू करा. डेस्कटॉपवर इन्स्टॉलचं चित्र दिसेल, त्याला हात लावू नका. फाइल मॅनेजरमधून हार्डडिस्कवरही क्लिक करू नका. तसं केलं की ती लिहिण्याच्या परवानगीसह उघडते. टर्मिनल उघडून आधी एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवतं) द्या आणि ५०० जीबीची डिस्क खरंच एसडीए आहे का ते बघा. पेनड्राइव्ह लावला की नावं कधी कधी इकडची तिकडं होतात. मग:

सुडो माउंट -ओ आरओ,नोलोड /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी

आरओ म्हणजे फक्त वाचायला. नोलोड का, तर नुसतं आरओ दिलं तरी ईएक्सटी४ जर्नलमधलं उरलेलं काम डिस्कवर उतरवतं. आपल्याला आत्ता डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही.

आता तुमच्या नावाच्या फोल्डरवर कुलपाचं चित्र दिसेल, आत जाता येणार नाही. फाइली गेल्या असं समजू नका. पेनड्राइव्हवरचा वापरकर्ता वेगळा आणि फोल्डर तुमचं, एवढंच त्याचं कारण. दुसरा एखादा रिकामा पेनड्राइव्ह लावून सुडो सीपी -आर नं अख्खं फोल्डर त्यावर घ्या. मग प्रत उघडून बघा, नुसतं नाव दिसलं म्हणजे झालं असं नाही. इंकस्केपची एसव्हीजी फाइल फायरफॉक्समध्ये ओढून टाकली तरी दिसते.

त्यानंतर मेनूतून डिस्क्स उघडा, हार्डडिस्क निवडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांत स्मार्ट डेटा (डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) आहे. त्यातले ५, १९७ आणि १९९ या क्रमांकांचे आकडे इथं द्या. ५ म्हणजे डिस्कनं बाद करून बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे नीट वाचता न येणारे, निकालाची वाट बघणारे सेक्टर. १९७ मोठा असेल तर एफएससीके चालवायचंच नाही, आधी नवी डिस्क आणायची. आकडे कळेपर्यंत पुढची पायरी सांगत नाही.

पत्रिका_पूर्वभाग

अण्णा, पत्रिका मिळाली!

कुलूप दिसलं तेव्हा पोटात गोळा आला होता, पण तुम्ही आधीच लिहून ठेवलं होतं म्हणून धीर धरला. सीपी चालायला बराच वेळ लागला. फाइल फायरफॉक्समध्ये उघडली. तेलुगूत थोरले काका वर, मराठीतही वर, खाली आहेराची ओळ नाही. दोन्हीकडची नावं बोट ठेवून वाचली. लगेच ती फाइल बहिणीच्या मोबाइलवर पाठवून ठेवली, आता दोन ठिकाणी आहे.

आकडे असे आहेत: ५ चा शून्य, १९७ चा शून्य, १९९ चा २१४.

लॅबवाले_जुळेसोलापूर

छान झालं. डिस्कचा पृष्ठभाग चांगला आहे. १९९ हा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीतल्या चुकांचा आकडा, बहुतेक वेळा साटा केबलमुळे वाढतो. एकदा वाढला की तो खाली येत नाही, त्यामुळे २१४ जुनाही असू शकतो. मशीन बंद करून, वायर काढून केबलची दोन्ही टोकं काढून परत घट्ट बसवा. आठवड्यानं आकडा बघा. वाढला तर केबल बदला, स्वस्तात मिळते.

डबा उघडालच तर आतून साफ करा. तुमच्याकडं खाली किंवा शेजारी माग चालत असतील तर कापसाचा बारीक फुपाटा पंख्यात बसून नमद्यासारखा घट्ट होतो. पूर्व भागातून आलेल्या मशीनमध्ये प्रोसेसरच्या पंख्याखाली मी हे बघितलंय, हवा जायला जागाच राहत नाही. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात असं मशीन आपणहून बंद पडतं आणि लोक सॉफ्टवेअरला दोष देतात. ब्रशनं झाडा, पंख्याला बोटानं धरून.

आता दुरुस्ती. मिंटचा पेनड्राइव्ह काढा, मशीन हार्डडिस्कवरून चालू करा. ती काळी स्क्रीन आली की तिथंच:

एफएससीके -एफ /डेव्ह/एसडीए२

ते एकेक गोष्ट विचारेल, वाय दाबा. पहिल्या दहा-बारा ओळी मात्र वाचा आणि मला सांगा. प्रश्न फारच येत राहिले तर थांबवून शेवटी -वाय जोडून परत द्या, मग ते न विचारता करतं. प्रत हातात आहे म्हणून हे सांगतोय. संपलं की एक्झिट टाइप करा, चालू होणं तिथूनच पुढं सुरू होईल.

पत्रिका_पूर्वभाग

डेस्कटॉप आला! केबल घट्ट केली. पंख्याखालून खरंच फुपाट्याची चकती निघाली, अख्खी.

एफएससीकेची पहिलीच ओळ अशी होती: "सुपरब्लॉक लास्ट माउंट टाइम इज इन द फ्युचर". मग डिलीटेड इनोड, झिरो डीटाइम असं बरंच काही, मग फ्री ब्लॉक्स काउंट राँग. शेवटी फाइलसिस्टीम वॉज मॉडिफाइड.

आता अपडेट मॅनेजर उघडलं तर म्हणतं डीपीकेजी (पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, बसवणारा प्रोग्रॅम) मध्येच तुटलं होतं, सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए चालवा. टर्मिनलमध्ये ते दिलं तर लॉक दुसऱ्या प्रोसेसकडे आहे म्हणतं.

कीबोर्ड_४४, पुणे

सोपं आहे. /व्हार/लिब/डीपीकेजी मधली लॉक नावाची फाइल सुडो आरएम नं उडवा आणि परत चालवा. सगळीकडे हाच उपाय दिलेला असतो.

लॅबवाले_जुळेसोलापूर

ताई, हे करू नका. दादा, तुम्ही मदतीसाठीच सांगताय, पण हा सल्ला इंटरनेटवर इतका पसरलाय की मला प्रत्येक वेळी थांबून सांगावं लागतं. ती लॉक फाइल कायमच तिथं असते. कुलूप फाइलीत नसतं, एखादा चालू प्रोसेस ती धरून ठेवतो. फाइल उडवली की तो प्रोसेस चालूच राहतो आणि दुसरा नवी फाइल करून आत शिरतो. मग दोघं मिळून एकाच वेळी पॅकेजच्या नोंदी लिहितात. आधीच अर्धवट राहिलेल्या सिस्टीमवर हे केलं तर जे वाचलंय तेही जाईल.

लॉकच्या त्या ओळीतच प्रोसेसचा क्रमांक आणि नाव दिलेलं असतं. बहुतेक तुमचं अपडेट मॅनेजरच असेल, उघडंच ठेवलंय तुम्ही. ते बंद करा. खाली घड्याळाशेजारी त्याचं ढालीचं चित्र असेल, तिथूनही बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग कॉन्फिगर द्या.

आणि "टाइम इज इन द फ्युचर" ही ओळ दिलीत ते फार बरं केलंत. तिच्याकडं परत येतो.

पत्रिका_पूर्वभाग

लॉक गेलं, अपडेट मॅनेजरच होतं. पण आता नवीन:

"डीपीकेजी: अनरिकव्हरेबल फेटल एरर, अबॉर्टिंग: फाइल्स लिस्ट फाइल फॉर पॅकेज लिब्रेऑफिस-कॉमन इज मिसिंग फायनल न्यूलाइन"

अनरिकव्हरेबल आणि फेटल म्हणतंय. संपलं का सगळं?

टर्मिनल_पंढरपूर

ताई, घाबरू नका. शब्द भयंकर आहेत, काम छोटं आहे. अण्णा ऑनलाइन दिसत नाहीत म्हणून मी सांगतो.

डीपीकेजी प्रत्येक पॅकेजसाठी एक यादी ठेवतं, त्या पॅकेजच्या फाइली डिस्कवर कुठं कुठं ठेवल्यात याची. ती /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मध्ये असते. लिब्रेऑफिस-कॉमनची यादी लिहिली जात असताना लाईट गेली आणि ती मध्येच तुटली. यादीच्या शेवटी ओळ संपल्याची खूण नाही, म्हणून डीपीकेजी म्हणतं मला हिच्यावर भरवसा नाही, आणि सगळंच थांबवतं. वरचे अण्णा म्हणाले ना, लिहिल्या जात असलेल्या फाइली अर्धवट राहतात, ती हीच.

आधी बघून घ्या:

एलएस -एल /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो/लिब्रेऑफिस-कॉमन.लिस्ट

आकार लहान दिसू शकतो. उडवायची नाही, बाजूला ठेवायची: सुडो एमव्ही नं ती तुमच्या होम फोल्डरमध्ये हलवा. मग:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

लिस्ट मिसिंग आहे, पॅकेजच्या फाइली नाहीत असं समजतो, अशी सूचना येईल. येऊ द्या. अजून एखाद्या पॅकेजचं नाव घेऊन हीच तक्रार आली तर त्याच्या यादीचंही तसंच करा. नावं कागदावर लिहून ठेवा, कारण शेवटी ती पॅकेजं परत बसवावी लागतात:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल लिब्रेऑफिस-कॉमन

ॲप्ट म्हणजे पॅकेजं उतरवून बसवणारा प्रोग्रॅम, त्यानं यादी नव्यानं तयार होते. अपडेट अर्धवट राहिलं असल्यामुळे डाउनलोड झालेली पॅकेजं /व्हार/कॅश/ॲप्ट/अर्काइव्ह्ज मध्ये अजून असतील, परत उतरवायला लागणार नाहीत. त्यानंतर एकदा सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल.

मात्र तोपर्यंत ॲप्टनं "अमुक पॅकेजं काढून टाकू का" असं विचारलं आणि त्या यादीत मिंट, एक्सएफसीई असली नावं दिसली तर एन दाबा आणि यादी इथं टाका.

लॅबवाले_जुळेसोलापूर

पंढरपूरकरांनी नेमकं सांगितलंय, तसंच करा. फक्त मशीन लगेच रीस्टार्ट करू नका. कॉन्फिगर पूर्ण झालं की आधी हे बघा:

एलएस -एलएच /बूट

नव्या कर्नलच्या दोन फाइली हव्यात, एक व्हीएमलिनझ नावानं सुरू होणारी आणि एक इनिटआरडी (मघाचं इनिटरामएफएस तिच्यातच असतं). लाईट मध्येच गेली की पहिली येते आणि दुसरी राहते, कारण इनिटआरडी पॅकेजमधून येत नाही, ती तुमच्या मशीनवर शेवटी तयार होते. ती नसताना नव्या कर्नलवर चालू केलं तर "अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक" म्हणून कर्नल पॅनिक येतं आणि माणूस हबकतो. दुसरी फाइल नसेल, किंवा जुन्या इनिटआरडीपेक्षा आकारानं फारच लहान असेल, तर सुडो अपडेट-इनिटरामएफएस -सी -के आणि पुढं नव्या कर्नलचा पूर्ण क्रमांक द्या. मग सुडो अपडेट-ग्रब. जुनं कर्नल आत्ताच काढू नका. कधी पॅनिक आलंच तर चालू होताना शिफ्ट दाबून धरा, यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) असेल तर एस्केप एकदाच दाबा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुनं निवडा, मशीन उठेल.

पत्रिका_पूर्वभाग

झालं. दोन पॅकेजांच्या याद्या तुटल्या होत्या, लिब्रेऑफिस-कॉमन आणि लिब्रेऑफिस-कोअर. दोन्ही बाजूला ठेवल्या, परत बसवली, नेटवरून काही उतरवावं लागलं नाही. काढून टाकण्याबद्दल काही विचारलं नाही. /बूट मध्ये नवी इनिटआरडी कॉन्फिगर करतानाच तयार झाली होती, आकार जुन्याएवढाच. नव्या कर्नलवर मशीन उठलं. इंकस्केप, तेलुगू कीबोर्ड, कन्नड कीबोर्ड सगळं जागेवर. पंढरपूरच्या दादांचे आणि अण्णांचे मनापासून आभार.

एकच राहिलंय. अपडेट मॅनेजर रिफ्रेश केलं तर "रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड यट" म्हणतं, पुढं शेकडो दिवसांचा आकडा देतं. फायरफॉक्सही बऱ्याच साइट उघडत नाही, सर्टिफिकेटचं काहीतरी म्हणतो. नेट चालू आहे, त्याच वायफायवर मोबाइल नीट चालतोय.

लॅबवाले_जुळेसोलापूर

ताई, उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. साल बघा.

पत्रिका_पूर्वभाग

अगं बाई, साल मागचं आहे! एवढ्या गडबडीत तिकडं लक्षच गेलं नाही.

लॅबवाले_जुळेसोलापूर

हेच "टाइम इज इन द फ्युचर" वाचून माझ्या मनात आलं होतं. डिस्कवर नोंद होती खऱ्या तारखेची, आणि मशीनला वाटत होतं आपण त्याच्या कितीतरी आधीच्या काळात आहोत.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२. मशीनचा वीजपुरवठा पूर्ण बंद असताना आतलं घड्याळ त्यावर चालतं. तो संपला तरी रोज कळत नाही, कारण बटण बंद केलं तरी वायरीतून थोडी वीज मदरबोर्डला मिळत असते. लाईट गेली, यूपीएसही बसला, की घड्याळ मूळपदावर येतं. आपल्याकडं लाईट जाते तेव्हा नेमकं हे घडतं, आणि जुनं घेतलेलं मशीन म्हणजे सेलही तितकाच जुना.

त्यातून पुढचं सगळं. रिपॉझिटरीच्या, म्हणजे अपडेट जिथून येतात त्या साठ्याच्या, रिलीज फाइलवर ती कधी काढली याची तारीख असते. तुमच्या मशीनच्या मते ती तारीख अजून उजाडलीच नाही, म्हणून ॲप्ट ती मानत नाही. साइटच्या सर्टिफिकेटांचंही तसंच. यात नेट किंवा मिंट कशाचाच बिघाड नाही. काही जण अशा वेळी ॲप्टची तारीख-तपासणीच बंद करायला सांगतात, तसं करू नका, ती तपासणी तुमच्या सुरक्षेसाठी आहे.

टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल द्या. त्यात एनटीपी सर्व्हिस (नेटवरून वेळ जुळवणारी) इनॲक्टिव्ह दिसेल असं वाटतं, नाहीतर नेट मिळाल्यावर घड्याळ आपोआप बरोबर झालं असतं. मग:

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू

मिनिटभरात तारीख सुधारेल. टाइमझोन एशिया/कोलकाता आहे ना तेही बघा. नंतर सुडो एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी, म्हणजे ती वेळ मदरबोर्डच्या घड्याळातही जाईल. सेल बदलेपर्यंत ती टिकणार नाही, पण आजचं काम होईल.

सेल नवी पेठेत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, घड्याळवाल्याकडंही मिळतो. वायर काढून, बाजूची पत्ती हलकेच दाबली की जुना उडून वर येतो. अधिकची खूण वर ठेवून नवा बसवा. नंतर बायोसमध्ये जाऊन तारीख आणि कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं तो क्रम एकदा बघा, सेल काढला की तोही कधी कधी मूळपदावर जातो.

यूपीएसचं राहिलं. दोन शिट्ट्यांत बंद पडला म्हणजे त्याची बॅटरी गेली. साधारण ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बंद बॅटरी असते, तेवढीच बदलून मिळते, अख्खा यूपीएस घ्यायला लागत नाही. आपल्या उन्हात ती लवकर म्हातारी होते, म्हणून यूपीएस पत्र्याखाली किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका. नवी बसवल्यावर एकदा मुद्दाम, कुठलंही काम उघडं नसताना, भिंतीवरचं बटण बंद करून किती मिनिटं तग धरतो ते मोजा.

पत्रिका_पूर्वभाग

एनटीपी बंदच होतं. चालू केल्याबरोबर तारीख बरोबर झाली, रिफ्रेश एका दमात झालं, साइटही उघडल्या. सेल आणला आणि बसवला. रात्री वायर काढून ठेवली होती, सकाळी चालू केलं तर साल बरोबर. यूपीएसची बॅटरी उद्या येतेय. तोवर अपडेट लावणार नाही.

पत्रिका छपाईला गेली. शेवटचं प्रूफ मुलीच्या थोरल्या काकांनीच येऊन बघितलं.

अण्णा, अजून एक विचारते. टाइमशिफ्ट (सिस्टीमची जुनी स्थिती परत आणणारा प्रोग्रॅम) लावून ठेवलं तर पुढच्या वेळी पत्रिकाही त्यातून परत मिळतील का?

लॅबवाले_जुळेसोलापूर

नाही. टाइमशिफ्ट सिस्टीमच्या फाइलींसाठी आहे. होम फोल्डर ते मुद्दाम वगळतं, आणि ते तसंच राहू द्या. नाहीतर उद्या सिस्टीम मागच्या आठवड्यावर नेताना तुमच्या पत्रिकाही मागच्या आठवड्यावर जातील, काकांच्या नावासकट. टाइमशिफ्ट सिस्टीमसाठी लावाच. पत्रिकांसाठी मिंटमध्ये बॅकअप टूल वेगळं दिलंय, त्यात होम फोल्डर निवडा आणि जागा म्हणून बाहेरची डिस्क द्या, तीच ५०० जीबीची नको. रोज दुकान बंद करताना चालवा आणि डिस्क काढून घरी न्या.